दारातली टाकी

मित्रांनो, शहराचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या दारात उभी आहे ती मी, एक जुनी काचेची टाकी. शुद्ध झालेल्या पाण्यातले थोडे एका नळीने माझ्यात येते. आता माझ्या कोपऱ्यांत शेवाळ आहे, पण नवी होते तेव्हा माझा काय थाट होता!

माझ्यात गप्पी मासे सोडले होते. पाहुणे आले की केंद्राचे साहेब माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणत, "पाणी वाईट असतं तर हे जगले असते का?" पाहुणे माझे फोटो काढत. मला धन्य वाटे.

एकदा जवळच्या तळ्यावरचे मासेमार काका-काकू आले. तळे आटत चालले होते आणि त्यावर त्यांच्या साऱ्या वस्तीचे पोट होते. केंद्राचे पाणी तळ्यात घ्यायचे का, हे ठरायचे होते. काकू माझ्यात डोकावून म्हणाल्या, "बरंय बाई यांचं, आयतं खातात. अगदी आमच्या ह्यांच्यासारखं!" काका हसले. म्हणाले, "सोडा साहेब पाणी."

प्रयोगशाळेतली ताई मात्र माझ्यासमोर बराच वेळ उभी राही. गप्पी म्हणजे बघता बघता टाकी पिल्लांनी भरून टाकणारी जात. माझ्यात पिल्लूच दिसेना. नरांच्या शेपटीचा केशरी रंगही विटत चालला होता. तिने साहेबांना सांगितले.

"मेला का एखादा?"

"नाही सर. पण जन्मलाही नाही."

"मोठ्यांनी खाल्ली असतील पिल्लं."

"माद्या वेगळ्या ठेवून पाहिल्या, सर. तरी पिल्लू नाही."

"मग नवे आणून टाका चार. टाकी रिकामी दिसायला नको."

मित्रांनो, केंद्रात गाळ बसतो, जंतू मरतात. पण औषधांचे, साबणाचे, प्लास्टिकचे काही अंश पाण्यात उरतात. शरीरातली संप्रेरके एका अवयवाचा निरोप दुसऱ्याला पोचवतात. हे अंश त्यांचे सोंग घेऊन खोटा निरोप देतात. मग नराचे शरीर मादीसारखे वागू लागते. त्याला अगदी थोडेसे अंशही पुरतात.

पुढच्या वर्षी काका भलामोठा मासा घेऊन आले. "घ्या ताई! तुमच्या पाण्याचा गुण. जाळ्यात सगळे मोठेच लागतात. बारकं एकही नाही, निवडून परत सोडायची कटकटच गेली."

ताईने मासा घेतला नाही. "एकही बारकं नाही, काका?"

"शप्पथ!"

मग तिने त्यांना माझ्याजवळ आणले आणि सगळे सांगितले. काकांनी काचेला डोळा लावून पिल्लू शोधले.

"म्हणजे पोरी, हे मोठे संपले की..."



पाणी आजही तळ्यात जाते. बंद केले तर तळे आटते, चालू ठेवले तर मासळी संपते. काका कोणत्या तोंडाने काय मागणार?

मित्रांनो, उरलेली औषधे मोरीत ओतू नका. ती वाहून जातात, पण नाहीशी होत नाहीत. आणि तुम्हाला कोणी माझ्यासारखी टाकी दाखवली, तर मासे पोहताना पाहून टाळ्या वाजवू नका. यांची पिल्लं कुठे आहेत, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.