सेव्हर्नची नमणारी लाट

"नमली! लाट नमली!"

काठावरची दीडशे माणसं गुडघ्यांवर आली. समुद्राकडून गर्जत सेव्हर्न नदीत चढणारी भरतीची लाट, पाद्री सायलस क्रूमने हात उचलताच त्याच्या पायाशी मवाळ झाली.

गाऊन सांगितलेलं प्रवचन ऐकताना माझे डोळे भरतात. पण ह्या माणसाच्या तोंडी देवाचं नाव ऐकून मला किळस येत होती.

"बघितलंत, बंधूंनो? मी 'बैस' म्हणतो, समुद्र बसतो! केझियाबाई, उद्या लाट नमली की लेटीच्या पायातली लोखंडी पट्टी नदीत फेका. पोरगी पळत घरी जाईल!"

डॉक्टर म्हणाले होते, दोन वर्षं पट्टी ठेवली तर लेटी चालेल. काढली तर पाय कायमचा वाकडा. केझिया विधवा, लेटी तिची एकुलती एक.

आणि मी गप्प! कारण क्रूम उभा राहतो तिथे खाली डोह आहे. त्यात सॅमन मासा दडतो. अशी जागा कोळ्याने सख्ख्या भावालाही सांगायची नाही, ही आमची रीत. ओहोटीला काठी खुपसत फिरणारा क्रूम मी पाहिला होता. त्यालाही डोह सापडला होता.

दुसऱ्या दिवशी काठावर केझिया पट्टीचे बंद सोडू लागली, तेव्हा मला राहवेना.

"पाद्रीबुवा, तीस पावलं वर जाऊन नमवा की!"

"आमोस, देवाची परीक्षा घेतोस?"

"देवाची कशाला? तुमची घेतो."

"इथेच मला आज्ञा आहे!"

"मग आज तुम्ही बाजूला बसा."

त्याच्या जागी मी उभा राहिलो. हात खिशात, तोंडात पाईप. लाट आली, माझ्यापुढेही नमली, आणि तीस पावलांवर फुटून काठावरच्यांना भिजवून गेली.

"आमोसकाकाही संत झाले!" कोणीतरी ओरडलं.

"संत कसला! इथे तळ दोन पुरुष खोल, तिथे वाळूवर पाणी गुडघाभर. उथळ तळ लाटेचा पाय अडवतो, वरचं पाणी पुढे कोसळतं. खोलात पाय अडत नाही, म्हणून ती नुसती फुगून जाते. काठी घ्या, स्वतः मोजा!"

लोक मोजायला धावले. क्रूम दुसऱ्या वाटेने पसार झाला.

केझियाने बंद पुन्हा आवळले. "काका, कालच का नाही बोललात?"

क्रूमपेक्षा जास्त किळस मला माझीच आली.

आता त्या डोहात सारं गाव जाळं टाकतं. टाकू दे. देवावर प्रेम करा, भजनं गा; पण कोणी चमत्कार दाखवला तर आधी खालचा तळ मोजा. आणि तळ ज्याला ठाऊक आहे, त्याने तोंड उघडावं.