नव्वदाचे साठ

माझ्यावर नऊशे रुपये घालून संकेतला काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. एक म्हणजे किल्ल्याच्या दरवाजात सगळ्यांच्या पुढे उभं राहायचा मान. दुसरं म्हणजे लढाई जिंकली तर महिनाभर त्या दरवाजावर त्याचं नाव. तिसरं काही शोधू नका, नव्हतंच. एवढ्या लाभासाठी शहाणा माणूस काय काय देऊन बसतो, ते मी फार जवळून पाहिलं. देण्याघेण्याचा माल मीच होतो ना!

मी एक जुना भाला आहे, मित्रांनो. पण मला धरायला जाल तर हाताला काच लागेल. मी संगणकावरच्या खेळातला भाला. दोन हजार आठ सालची ही गोष्ट. त्या खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. बालाघाटात ते कोणी कधी पुरतं घेतलं नाही, सगळे 'किल्ला' म्हणत. बसस्टँडच्या मागे दुलीचंदचं इंटरनेटचं दुकान होतं. सात संगणक, आणि सातांना मिळून टेलिफोनची एकच तार. संकेत बसायचा त्या तिसऱ्या नंबरच्या पडद्यातून मला बाहेरचं सगळं दिसे आणि ऐकू येई. माणसांना वाटतं, तीच पडद्याकडे बघतात.

माझ्या जन्माचा मी तोरा मिरवत नाही. खेळातल्या पहिल्याच गावात एक लोहार बसतो आणि माझ्यासारखे भाले दिवसाला हजार काढतो. संकेतने मला खेळातल्या तीनशे मोहरा देऊन घेतलं. मग दोन वर्षं तो मला धार लावत राहिला. नवीन होतो तेव्हा माझा वार लागला की शत्रूच्या डोक्यावर लाल आकडा उडे: वीस. पुढे चाळीस, सत्तर, आणि शेवटी नव्वद. मी संथ होतो. मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत माझा एक वार होई, पण जो होई तो लागे. दुकानातली पोरं म्हणत, "संकेतभाऊचा भाला म्हणजे सरकारी काम. उशिरा होते, पण पक्कं होते." संकेतचे वडील पाटबंधारे खात्यात होते, म्हणून हा टोमणा त्याला जरा जास्तच लागे.

संकेत स्वतः बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि बारावीच्या मुलांना हिशेबाची शिकवणी देत असे. खेळातही त्याचा हिशेब चोख. कुणाला नवं हत्यार घ्यायचं असलं की आधी त्याला विचारायचं, अशी दुकानाची रीत पडली होती. तो वहीत वार मांडायचा, भागाकार करायचा आणि निकाल द्यायचा. त्याचा एक नियम होता, तो सगळ्यांना पाठ झाला होता: "रविवारी पाय, भरल्या दुकानात पाय. खाली सडकेवर कोणाचाही बैल पयते." म्हणजे हत्यार गर्दीत पारखून बघा, रिकाम्या रस्त्यावर कुणाचाही बैल पळतो.

आता राकेशबद्दल. राकेश म्हणजे संकेतचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे एक कुऱ्हाड होती. दलदलीतल्या राक्षसाकडून ती मिळते, तीही नशिबात असेल तर. राक्षस उगवायचा फक्त रविवारी दुपारी. राकेशने सलग पाच रविवार त्या चिखलात घातले, तेव्हा ती त्याच्या पदरात पडली. खेळात हत्यारावर नाव कोरता येई, इंग्रजी आठ अक्षरांपर्यंत. राकेशची आजी शेवंताबाई रामपायलीला राहायची. सत्तरी उलटली तरी लाकडं स्वतः फोडायची आणि कुणी मदतीला गेलं तर त्यालाच आधी फोडायची. राकेशने तिचं नाव कोरलं. 'शेवंता' बरोबर आठ अक्षरांत बसली, 'बाई' बाहेर राहिली.

मग राकेशला तिरोडीला नोकरी लागली. मँगनीजच्या खाणीवर ठेकेदाराच्या वजनकाट्यावर ट्रक मोजायचे. तिथे इंटरनेट कुठलं! आणि खेळाचा नियम असा, की महिनाभर कुणी फिरकलं नाही की त्याची सामानाची पेटी रिकामी. जायच्या आदल्या दिवशी त्याने कुऱ्हाड संकेतच्या पेटीत, माझ्याशेजारी ठेवली.

"सांभाळजो बे," राकेश म्हणाला. "लढाईच्या रविवारी येत जाईन मी. ड्यूटी लागली तं एखाद महिना नाही जमणार."

"हौ ना बावा. माही समजून सांभाळतो."

"नाही नाही. माही समजून सांभाळ. तुही समजशीन तं वापरशीन."

'माझी' म्हणजे कुणाची, यावर दोघंही हसले. मीसुद्धा त्याला थट्टाच समजलो होतो.

पुढल्या महिन्यात खेळात नवी भट्टी आली. जुनं हत्यार तिच्यात घातलं की नव्या रूपात बाहेर येई. खर्च नऊशे रुपयांची, दुलीचंदकडे मिळणारी खेळाची कार्डं, शिवाय जाळायला आणखी एक दुर्मिळ हत्यार. माझं नवं रूप तिप्पट चपळ होतं. एकेक वार साठाचा, पण पूर्वी एक व्हायचा तेवढ्या वेळात तीन. मोठ्या शहरातले खेळाडू पानंच्या पानं लिहीत होते, की नव्वदाचे एकशे ऐंशी झाले, याहून स्वस्त सौदा नाही. लढाईला तीन दिवस उरले होते, आणि समोर गोंदियाची टोळी होती. गोंदियाकडून दोनदा मार खाल्लेला.

पैसे भरण्याआधी दहा मिनिटं नवं रूप वापरून बघायची सोय होती. संकेतने ते बघितलं गुरुवारी, सकाळी अकराला. दुकानात तो आणि दुलीचंद, दोघंच. सात संगणकांची तार एकट्या त्याच्या वाट्याला. मी सपासप चाललो. साठ, साठ, साठ! दुलीचंद उठून मागे येऊन उभा राहिला.

"अरे वा बाबू! ये तो मशीन है मशीन। ले डालो।"

"रविवारी बघायला पाहिजे," संकेत पुटपुटला.

"इतवार को तो लड़ाई है भैया। फिर क्या फायदा?"

दुलीचंदला शंभराच्या एका कार्डामागे पाच रुपये सुटत, त्यामुळे त्याच्या सल्ल्याची किंमत मला ठाऊक होती. पण संकेत थांबला नाही तो दुलीचंदमुळे नव्हे. रविवारपर्यंत थांबायचं म्हणजे राकेश येणार. राकेश आला म्हणजे विचारावं लागणार. आणि विचारलं की समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक मिळते. संकेतने वही मिटली. राकेशची कुऱ्हाड उचलली आणि भट्टीत टाकली. आठ अक्षरं क्षणभर लाल झाली. मग त्यांच्या जागी मी उभा होतो, सोनेरी काठाचा, चकचकीत. त्या दिवशी मला जेवढे बघायला आले, तेवढे दोन वर्षांत आले नव्हते. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

रविवारी राकेश कटंगीवरून बसने आला. सहा संगणक भरलेले, मागे माणसं उभी. त्याच्यासाठी चार नंबर राखून ठेवला होता.

"आण बे शेवंता."

"बस ना आधी. चहा सांगू?"

"चहा कटंगीले पेलो. कुऱ्हाड दे, टाइम होऊन राह्यला."

संकेतने कळफलकावरून नजर उचलली नाही. "राक्या, ते भट्टीत गेली."

"कोणत्या भट्टीत?"

"भाल्यासाठी. एक भारी हत्यार लागतच होतं ना. हे पाय, एकशे ऐंशी मारते आता. जिंकलो तं दोघाचंच नाव हाय."

राकेशने माझ्याकडे पाहिलं. माझा सोनेरी काठ त्याने अगदी सावकाश पाहिला. ट्रक मोजणारा माणूस तो, घाई करत नाही.

"इचारलं असतं तं देली असती मी."

"हौ, म्हनूनच तं…"

"म्हनूनच तं काय? इचारलं नाही?"

तेवढ्यात लढाईचा नगारा वाजला.

त्या लढाईचं वर्णन मी लांबवणार नाही. दरवाजात पुढे मी होतो. सपासप चाललो, अगदी गुरुवारसारखा. पण सात जण ओढत होते ती तार माझे तीन वार नेईना. एक पोचे, दोन वाटेतच विरून जात. पडद्यावर मी चपळ दिसत होतो आणि गोंदियावाल्याच्या डोक्यावर एकच आकडा उडत होता: साठ. बराच वेळ काही नाही. मग साठ. राकेशने लोहाराकडून तीस मोहरांची साधी कुऱ्हाड घेतली होती आणि तो संकेतच्या शेजारीच येऊन उभा राहिला होता. तिचे वार वीस-वीसचे, पण संथ, त्यामुळे सगळे पोचत होते. आधी संकेत पडला. त्याआधी त्याच्यावर आलेले चार घाव राकेशने मधे शिरून घेतले होते; मग तोही पडला. दरवाजावर पुन्हा गोंदियाचं नाव लागलं.

"दुलीचंदजी, नेट स्लो हाय तुमचं!" संकेत ओरडला.

"नेट वही है बाबू। भीड़ आज है।"

राकेश पिशवी खांद्याला लावून उठला. "काट्यावर आमी गाडी खालीही मोजतो अन् भरूनही मोजतो," तो म्हणाला. "तुनं खालीच मोजली."

"पुढच्या लढाईले येशीन ना?"

"पाहू."

चारच्या बसने तो गेला. पुढच्या लढाईला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

भट्टीतून आलेलं हत्यार पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. संकेतने मला पेटीत टाकलं आणि लोहाराकडून तीनशे मोहरांचा नवा साधा भाला घेतला. वीसपासून पुन्हा सुरुवात. पेटीच्या फटीतून मी बघत होतो. दर रविवारी दुपारी तो दलदलीत जाऊन उभा राही. लोक हसत, "भाऊ, चिखलात भात लावून राह्यले काय?" तो हसत नसे. एकदा प्रेमलाल नावाचा नवा खेळाडू वही बघून विचारायला आला, "संकेतभाऊ, मी बी भाला भट्टीत टाकू का? सगळे लय भारी म्हनतात."

"कोणाच्या सामानानं टाकशीन?"

"माह्याच."

"मंग रविवारी पाय. अन् मंग टाक."

एकोणिसाव्या रविवारी राक्षसाने कुऱ्हाड टाकली. संकेतने ती एक क्षण माझ्याशेजारी ठेवली. नाव कोरायची जागा त्याने कोरी सोडली, तो हक्क त्याचा नव्हता. मग खेळातल्या टपालाने ती राकेशच्या नावाने पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली. चार वेळा लिहिली, चार वेळा पुसली, आणि शेवटी एवढंच ठेवलं: 'तुझी आहे.' एका रविवारी तर तो बसने तिरोडीलाही जाऊन आला. परतल्यावर दुलीचंदने विचारलं, "मिला क्या?" संकेत म्हणाला, "भेटला. चहा पाजला. चांगला बोलला." चांगलं बोलणं किती दुरून करता येतं, ते मला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

न उचललेलं टपाल नव्वद दिवसांनी पाठवणाऱ्याकडे परत येतं. कुऱ्हाड परत आली. चिठ्ठी उघडलेली नव्हती.

मित्रांनो, मी अजून पेटीतच आहे, माझा सोनेरी काठ तसाच चमकतो. मला विचाराल तर कुणी सांभाळायला दिलेली वस्तू आपल्या पेटीत असली तरी आपली नसते. तिला हात लावण्याआधी विचारा. 'नाही' ऐकावं लागेल म्हणून टाळत असाल, तर मुद्दाम विचारा.

आता कुणी किती भरलं, ते सांगतो. दुलीचंदने काहीच भरलं नाही, त्याला पंचेचाळीस रुपये सुटले. संकेतने नऊशे भरले, ते दोन महिन्यांच्या शिकवणीत वसूल झाले. माझे नव्वदाचे साठ झाले. राकेशने भरले चिखलातले पाच रविवार, एक कुऱ्हाड, तिरोडीहून येण्याजाण्याचं भाडं, आणि त्यानंतरचे सगळे रविवार, जे त्याने खाणीवरच काढले. सौदा संकेतने केला होता.