उलटी फेरी

चांगदेवनं सायलीनं लिहिलेली चाचणी चौथ्यांदा चालवली. एक यायला हवा होता तिथं पडद्यावर पुन्हा आठ आकडा आला. गार झालेला चहा त्यानं एका घोटात संपवला आणि खुर्ची पुढं ओढली.

सायली त्याची मामेबहीण, दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. पुण्याच्या कंपनीत तिला त्यानंच चिकटवली होती, डिस्कवर फायली सांभाळणारी फाइल सिस्टीम म्हणजे काय हेही त्यानंच शिकवलं होतं. आता साहेब मीटिंगमध्ये आधी तिला विचारायचे. शिरूरला घरी बसून ते ऐकताना चांगदेवच्या पोटात दुखायचं. त्यात आई भर घालायची, "माझ्या भावाची पोर लई हुशार निघाली."

या वेळी मात्र तिची जिरणार होती. चाचणी तशी साधी. फाइलची नक्कल करायची, पण मजकूर पुन्हा लिहायचा नाही. दोन्ही फायलींनी डिस्कवरची तीच जागा वाटून घ्यायची. नक्कल आठ तुकड्यांत केली, तरी तुकडे लागून असले तर सिस्टीमनं मधले बांध मोडून एकच सलग तुकडा नोंदवायचा. पहिल्यापासून नक्कल केली की तसं होत होतं. पण सायलीनं एक उलटी फेरीही घातली होती, शेवटच्या तुकड्यापासून. तिच्यात आठही वेगळे राहत होते.

'चाचणीच चुकीची आहे. असं उलटं कोण करतं?' त्यानं साहेबांसकट सगळ्यांना लिहून टाकलं. त्याला फार बरं वाटलं.

मग पुरावा जोडावा म्हणून त्यानं तुकडे सांधणारा कोड उघडला. नवा तुकडा जुन्याच्या शेवटाला लागून आला तर कोड त्याला जोडून घेत होता. सुरुवातीला लागून आला तर तिकडं बघतही नव्हता. वर लिहिणाऱ्याचं नाव होतं, चांगदेव.

त्यानं फोन लावला.

"सायले, ती उलटी फेरी कशापायी घातली?"

"तूच शिकवलंस न्हवं, दादा? सरळ चालतंय ते उलटं करून बघायचं म्हणून."

"चूक कुठं हाय, ठावं होतं तुला?"

पलीकडून गाडी गेल्याचा आवाज आला. तो ओसरल्यावर ती म्हणाली,

"सोमवारीच दिसली. म्हटलं, कोड तुझा हाय, तूच सांगशील. म्हणून चाचणी आधी तुलाच पाठवली."

आज गुरुवार होता.

"मेल वाचली तुझी," ती हळूच म्हणाली. "तू म्हणशील तर काढून टाकते ती फेरी."

तिनं भांडायला हवं होतं. या समजूतदारपणाचा त्याला जास्त राग आला.

"राहू दे," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि सगळ्यांना पुन्हा लिहिलं, 'चाचणी बरोबर आहे. चूक माझ्या कोडमध्ये आहे. सायलीला ती सोमवारीच सापडली होती.' दोनदा वाचून पाठवून दिलं.

आई दारात येऊन उभी राहिली.

"सायली व्हती का? काय म्हणत व्हती?"

"काय न्हाई," चांगदेव पडद्याकडं बघत म्हणाला. "अडलं व्हतं तिचं. सांगितलं मी."