तीनदा पुकारलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुनं कोर्ट आहे. नागपूरहून एसटीने तासाभराच्या अंतरावर, तालुक्याच्या गावात उभं आहे. इंग्रजांच्या काळात मला बांधलं. भिंती दगडी, तुळया सागवानी, वर कौलं. जोतं इतकं उंच की अकरा पायऱ्या चढल्याशिवाय दार लागत नाही. माणसाने इथे दबूनच यावं, असा साहेबांचा बेत होता. त्या पायऱ्यांची मला आजही लाज वाटते.

पण मिस्त्र्याने समोर कमानींचा मोकळा व्हरांडा काढला. तिथून शिपायाने पुकारा केला की नाव पार अंगणातल्या कडुनिंबाखाली ऐकू जाई. ऐकू आलं नाही म्हणून कोणाचा दावा गेला, असं शंभर वर्षांत घडलं नाही.

चार वर्षांपूर्वी एसीसाठी त्या कमानी काचेने बंद केल्या. हारतुरे झाले, भाषणात मला 'अद्ययावत' म्हटलं. पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावा, हे मात्र कोणालाच सुचलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तुळसाबाई आल्या. वय सत्तरीचं, गुडघे गेलेले. त्यांच्या शेताची वाट शेजाऱ्याने तार घालून अडवली होती, त्याचा दावा होता. पायऱ्या चढवेनात, म्हणून त्या कडुनिंबाखाली बसल्या. त्यांच्या वकील मयुराताईंची बस नागपूरच्या हुडकेश्वरहून येताना बंद पडली. ओमप्रकाश शिपायाने आतून तीनदा नाव पुकारलं. मला दोघंही दिसत होती, पण दगडाला बोलता कुठे येतं? दावा गैरहजेरीत खारीज झाला.

संध्याकाळी ओमप्रकाश खाली उतरला, तेव्हा तुळसाबाईंनी विचारलं, "माहा नंबर कधी येते गा? सकाळपासून बसून राहिली मी."

तो खाली बघत म्हणाला, "आजी, तीन खेपा पुकारलं. तुम्ही आल्याच नाही."

"मी तं इथंच होती. मले कोनी हाकच नाही मारली."

मयुराताईंनी दावा पुन्हा सुरू करायचा अर्ज दिला. काचेबाहेर आवाज जात नाही, असं ओमप्रकाशने स्वतः लिहून दिलं. तरी आठ महिने गेले आणि तुळसाबाईंचं शेत हंगामभर पडीक राहिलं. दावा परत लागला, पण हुकुमात शेवटी काय लिहिलं असेल? 'वादीने यापुढे दक्षता घ्यावी.' म्हणजे दक्षता घ्यायची ती तुळसाबाईंनी!

काच अजून तशीच आहे. ओमप्रकाश आता अकरा पायऱ्या उतरून झाडाखाली पुकारतो. जागा सोडल्याबद्दल त्याला मेमो मिळाला आहे.

मित्रांनो, मला नवा रंग नको. उद्या तुम्ही एखादी इमारत सुधारायला घ्याल, तेव्हा आधी बाहेर अंगणात जाऊन बसा, आणि आतली हाक तिथे ऐकू येते का, तेवढं बघा.