मध्यंतराचा बुक्का

आसावरीने वडिलांच्या कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, मफलरची गाठ मारली आणि गाठीवरचा हात न काढताच हळू आवाजात म्हणाली,

"बाबा, तुमचं ऐकेल तो. जाऊ नको, एवढंच सांगा."

दिनकरबुवांनी मान हलवली. बाहेर रोडेल चेंडूंची जाळी खांद्यावर टाकून उभा होता. सासऱ्यांना सायकल जमत नाही म्हणून तोही आज चालतच निघाला होता.

दुपारी मनिलाहून फोन येणार होता. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून परत येतोस का, हो की नाही, ते आज सांगायचं होतं. त्याच संघातून रोडेल बरीच वर्षं खेळला होता. गुडघा गेला तेव्हा त्यालाच संघ शिकवायला दिला. पण त्याच्या देशात, फिलिपिन्समध्ये, लोक बास्केटबॉलचे वेडे; फुटबॉलच्या वाट्याला ना मैदान, ना माणसं. पहिल्याच स्पर्धेत संघ सगळे सामने हरला. रोडेलने राजीनामा दिला आणि आसावरीच्या नोकरीमागे नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावी येऊन राहिला. आता आठवडाभर टिलबर्गच्या गोदामात खोकी हलवायची आणि रविवारी गावातल्या हौशी संघाचा प्रशिक्षक म्हणून मैदानावर जायचं. आल्यापासून तो हसला नव्हता, आणि चिडलाही नव्हता. संत्रं सोलून फोडी ताटलीत नीट मांडायचा आणि खायचं विसरून जायचा.

बुवांना ती ताटली कळत होती. पत्नी सुहासिनीबाई गेल्यापासून ते स्वतः कीर्तनाला उभे राहिले नव्हते. पेटीवर साथीला त्याच असत. लेक त्यांना वाईहून इथे घेऊन आली तेव्हा झांजा कपाटातच राहिल्या. बुक्क्याची डबी तेवढी सवयीने खिशात आली.

रस्ता ओला होता. झाडांना अजून पालवी नव्हती. बुवांचं इंग्रजी शाळेतलं, रोडेलचं मराठी स्वयंपाकघरातलं. दोन्ही मिळून दोघांचं भागायचं. वाईतली माणसं चेष्टा करत, बुवा लोकांना नामाला लावतात आणि जावई चेंडूला लाथा घालतो. बुवा हसून सोडून देत. जावयाला मात्र न चुकता 'रोडेलराव' म्हणत.

"बाबा, थंडी?" रोडेलने विचारलं.

"नाही, रोडेलराव. चला."

 मग रोडेल इंग्रजीत, पुढे बघतच, बोलायला लागला. त्या स्पर्धेतल्या शेवटच्या सामन्यानंतर त्यांचा गोलकीपर कपडे बदलायच्या खोलीत रडत होता. पोरगाच होता. सगळा संघ रोडेलकडे बघत होता, आता हा काहीतरी बोलेल म्हणून.

"मला एक शब्द सुचला नाही, बाबा. वाईटही वाटलं नाही. आत काही नव्हतंच. अजूनही नाही."

लेकीने दिलेलं वाक्य बुवांच्या ओठांवर होतं. आता सांगितलं असतं तर रोडेलने मान हलवून ते ऐकलंही असतं. बुवांनी मफलर वर ओढला आणि ते चालत राहिले.

मैदानावर बुवांना बाकाच्या टोकाला जागा मिळाली. शेजारी रोडेल बसला तो बसलाच. समोरच्या संघाचा प्रशिक्षक पांढऱ्या रेषेवर येरझाऱ्या घालत ओरडत होता. रोडेलचे हात मांड्यांवर पालथे पडले होते. पहिला गोल झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला त्याने पापणीही हलवली नाही.

मध्यंतराची शिट्टी वाजली. खेळाडू येऊन गवतावर टेकले. एक टपाल वाटणारा, एक बेकरीवाला, बाकीचेही तसेच नोकरदार. कुणीतरी कँटीनमधून चहा आणला. कपांतून वाफ निघत होती. सगळे रोडेलकडे तोंड करून बसले. रोडेल गवताकडे बघत होता.

बुवा त्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. अशी बसलेली माणसं त्यांनी जन्मभर समोर पाहिली होती. कधी पूर्वरंग रंगे, कधी सपशेल पडे. आवाज बसे, दृष्टांत ऐन वेळी आठवत नसे. तरी मध्यंतराला कुणीतरी उठून येई, हार घाली, कपाळाला बुक्का लावी. पूर्वरंग कसा झाला हे त्या वेळी कुणी विचारत नाही. बुक्का लावायचा, आणि बुवांनी पुढची कथा सांगायची. श्रोते बसलेले असेतो गादी सोडायची नाही.

इथे एकही माणूस उठून गेला नव्हता.

बुवा उठले. खिशातून डबी काढली. थंडीने बोटं आखडली होती, झाकण लवकर निघेना. आजवर हा बुक्का त्यांनी दुसऱ्याच्या हातून घेतला होता. असा कुणाला लावला नव्हता.

ते समोर येऊन उभे राहिले तेव्हा रोडेलने मान वर केली. डबी पाहिली आणि काही न विचारता डोळे मिटून कपाळ पुढे केलं. महिन्याच्या सुरुवातीला, राखेच्या बुधवारी, तो चर्चमधून असाच काळा क्रूस कपाळावर घेऊन आला होता. तू माती आहेस, मातीला मिळशील, असा त्याचा अर्थ त्यानेच बुवांना सांगितला होता.

गवतावर कुणी हसलं नाही. ब्राबंट या कॅथलिक प्रांतातली माणसं ती. लहानपणी सगळ्यांच्याच कपाळाला राख लागलेली. बेकरीवाल्याने डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात धरली.

"मरणाचा नाही हा," बुवा मराठीतच म्हणाले. "हा अर्ध्यावरचा. उठा, रोडेलराव. माणसं थांबलीयेत."

यातलं किती कळलं कोण जाणे. रोडेल उठला. खेळाडूंना दोनच वाक्यं बोलला, तीही सपाट आवाजात. मग जाऊन पांढऱ्या रेषेवर उभा राहिला आणि सामना संपेपर्यंत उभाच होता. संघ चार गोलांनी हरला. टपालवाल्याने जाताना बुवांशी हात मिळवला.

दार आसावरीने उघडलं. तिची नजर आधी नवऱ्याच्या कपाळावर गेली, मग वडिलांवर.

"तुम्ही लावलात?"

"हो."

"सामना संपल्यावर?"

रोडेल पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. बुवांनी मफलरची गाठ सोडली, मफलरची घडी घातली.

"मध्यंतराला," ते म्हणाले.

आसावरी लहानपणी आईच्या पेटीशेजारी बसून पेंगत कीर्तनं ऐकत वाढली होती. तिने खुंटीवरचा नॅपकिन काढला, त्याचं टोक पाण्याखाली धरलं, पिळलं. नवऱ्यापर्यंत आली. घामाने बुक्का भुवईपर्यंत ओघळला होता. पुसायला उचललेला हात तिने खाली घेतला आणि ओला नॅपकिन परत खुंटीला अडकवला.

फोन वाजला तेव्हा फोनजवळ तीच होती. रोडेलला वाट देत ती बाजूला सरकली.