चौकातली फांदी

बाजारचौकातल्या गटाराचं उघडं तोंड सोमवारी सकाळी दिगंबर खैरमोडे यांच्या घरी राहायला आलं. दिवाण आणि टीव्हीच्या मधोमध, चार फरशा खाऊन ते बसलं होतं. खैरमोडे नगरपालिकेत अभियंता. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी वाकून पाहिलं. आत अंधार होता आणि खोल कुठेतरी पाणी वाहत होतं. त्यांना नवल वाटलं नाही. फक्त आपला पत्ता त्याला कोणी दिला असेल, एवढं मनात येऊन गेलं.

त्यांच्या पत्नीने, शैलाताईंनी, बॅग भरली. "तुमचं आहे ते. तुम्हीच निस्तरा," म्हणाल्या आणि भिंतीच्या कडेकडेने चालत भावाकडे निघून गेल्या.

चौकातलं झाकण चोरीला गेलं, तेव्हा आपल्याकडे करतात तेच लोकांनी केलं होतं. बाभळीची फांदी भोकात खोचून तिला लाल फडकं बांधलं होतं. नवं झाकण खैरमोड्यांनी बसवायचं. ते आज-उद्यावर ढकलत राहिले. मग मंत्र्यांचा दौरा ठरला. स्वागताच्या कमानीखाली ती फांदी काही बरी दिसेना. "तेवढ्यापुरती काढून ठेव रे," खैरमोडे मुकादमाला म्हणाले. मंत्री गेले आणि फांदी परत लावायची राहिली. संध्याकाळी सगुणा वाघचौरे खानावळीतल्या पोळ्या लाटून घरी निघाली, ती त्यात पडली. ती सापडलीच नाही.

ऑफिसात कळल्यावर सगळे भोक बघायला आले. माणसं मोठी सौजन्याची. चपला बाहेर काढून काठावर बसली, चहा-पोहे झाले. पाणीपुरवठ्याचे कुलथे म्हणाले, "हे आमच्याकडे येत नाही." त्यांच्या पायाशी असलेली एक फरशी आत गेली. बांधकामवाले म्हणाले, "आमच्याकडे तर नाहीच." आणखी एक गेली. मोठ्या साहेबांनी नुसतेच हात वर केले, तर टीव्ही गेला. तो तळाला लागल्याचा आवाज मात्र आला नाही. पोह्यांची तारीफ करत सगळे आपापल्या घरी गेले.

संध्याकाळी निवृत्ती वाघचौरे येऊ लागला. हा सगुणाचा नवरा, चौकात सायकली दुरुस्त करायचा. ती पडल्यापासून रोज भोकापाशी बसून तिच्याशी बोलायचा; भोक इथे आल्यावर त्यालाही इथेच यावं लागणार. "साहेब, येऊ का?" विचारून तो काठावर मांडी घालून बसायचा आणि खाली घरचं सांगायचा.

"धाकटीला ताप हुता, उतरला आता. मोहरीचा डबा कुठं ठिवलायस, घावंना."

खालून उत्तर यायचं नाही, पण तो उत्तरापुरता थांबायचा. खैरमोडे आतल्या खोलीत ऐकत बसायचे. दिवसभरात त्या घरात माणसाचा आवाज काय तो एवढाच, आणि तोही त्यांच्यासाठी नसायचा. तरी ऊन उतरलं की ते दाराकडे बघू लागत. त्यांना फार एकटं वाटत होतं.

एकदा जाता जाता निवृत्ती वळला. "साहेब, ती फांदी कुणी काढली वो?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत खैरमोड्यांचं उत्तर पाठ झालेलं होतं. "ते माझ्याकडे येत नाही," ते म्हणाले.

दिवाण गेला, स्वयंपाकघर गेलं, शैलाताईंचं कपाट गेलं. निवृत्तीने पायात चपला सरकवल्या. "बरं," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतरही आला नाही.

आता खैरमोड्यांपाशी एकच फरशी उरली होती आणि तिच्यावर ते पाय जुळवून उभे होते. कोणी येणार नव्हतं. त्यांना रडू आलं. वाकून ते खाली म्हणाले, "सगुणाबाई, फांदी मी काढायला सांगितली."

तीही फरशी गेली.

ते बाजारचौकात होते, कमरेपर्यंत गटारात, लख्ख उन्हात. मनगटाला लाल फडकं बांधलेलं होतं आणि हात आपोआप वर राहत होता. सायकली, रिक्षा, शाळेची पोरं त्यांना वळसा घालून जात होती. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, पण कोणी पडतही नव्हतं. दुकानातून निवृत्तीने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा चाकात आरा बसवू लागला. खैरमोड्यांना तेवढ्यानेही बरं वाटलं.

मग खाली पाण्यात कोणीतरी त्यांचा घोटा धरला. हात बाईचा होता, लाटणं धरून घट्टे पडलेला. त्यांनी पाय घट्ट रोवला. हात सावकाश गुडघ्यापर्यंत चढला आणि दुसरा हात त्यांचा पट्टा चाचपू लागला.

समोर कमान उभी राहत होती. मुकादम दोन माणसं घेऊन आला आणि अदबीने वाकला.

"साहेब, पाहुणे यायचेत," तो म्हणाला. "तेवढ्यापुरतं निघा."

आणि दोघांनी त्यांच्या काखेत हात घातले.