जहूर सुताराचा आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल, म्हणून आधी माझं रूप सांगतो. लहानशा सुटकेसएवढं माझं अंग. वर दोन चकत्या. एका चकतीवरची तपकिरी फीत दुसरीवर गुंडाळत जाते आणि जाता जाता समोरचा आवाज टिपून घेते. अशा फितीच्या गुंडाळीला रीळ म्हणतात. सध्या माझा मुक्काम उम्म अल कुवैनमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात, वंशशोध विभागात आहे. आपले आजोबा-पणजोबा कोण होते, कुठून आले, हे शोधायला लोक इथे येतात.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. शेवटचा स्क्रू पिळणाऱ्या मुलीने मला तपासण्यासाठी माझ्यापुढे चार ओळी गुणगुणल्या. तो मी टिपलेला पहिला आवाज. पुढे जहाजाने दुबईला आलो. तिथल्या एका दुकानातून मला उम्म अल कुवैनच्या एका शाळामास्तरांनी विकत घेतलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उस्तादांना आवाजांचं वेड होतं. शाळा सुटली की मला खांद्याला लटकवून ते किनाऱ्यावर जात आणि मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची गाणी, म्हाताऱ्यांच्या आठवणी, परमुलखातून आलेल्या खलाशांची बोलणी माझ्यात भरून घेत. माणसं माझ्याभोवती कोंडाळं करत. स्वतःचाच आवाज परत ऐकून कुणी दचकत, कुणी पोट धरून हसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्याच दिवसांत, १९६८च्या हिवाळ्यात, किनाऱ्यावर कोकणातलं एक गलबत दुरुस्तीला लागलं होतं. पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांधीत कापूस ठोकत बसलेल्या एका तरुण सुताराला उस्तादांनी बोलतं केलं. तो काय बोलला, ते त्यांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. आवाज मी लगेच ओळखतो, पण हिंदी-मराठी मला पुढे ग्रंथालयात येणाऱ्यांचं ऐकून ऐकून कळू लागली. पण तो आवाज माझ्या लक्षात राहिला. बोलताना तो हातोडी थांबवत नव्हता.

मग कॅसेट आल्या, त्यांच्यामागून संगणक आले. उस्ताद थकले आणि एके दिवशी गेले. त्यांची मुलगी नबिला या विभागाची प्रमुख झाली आणि मला व माझ्या रिळांना ग्रंथालयात घेऊन आली. रिळांच्या संगणकी नकला तयार झाल्या, आणि माझं काम संपलं. माझ्यातला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला. मला काचेच्या पेटीत ठेवलं आणि समोर पाटी लावली, ‘हात लावू नये’. मित्रांनो, ज्याचं आयुष्य लोकांच्या हातात गेलं, त्याला ही पाटी फार टोचते.

अशी किती वर्षं गेली कोण जाणे. मग एका शनिवारी जहांआरा होडेकर आल्या. सोबत त्यांचा मुलगा रुहान होता. जहांआरा दुबईच्या अल कुसैस भागात शाळेचे गणवेश शिवतात. गाव कोकणातलं, वेळशी बंदर. नबिलाशी त्या हिंदीतून बोलत होत्या आणि मी काचेआडून ऐकत होतो.

त्यांची हकीकत अशी. त्यांचे वडील, जहूर होडेकर, गलबतावर सुतार होते. जहांआरा आईच्या पोटात असताना ते इकडे आले. परत येताना ते गलबत वादळात बुडालं, कुणीच वाचलं नाही. पण दुसऱ्या एका गलबतावरच्या खलाशाने गावात येऊन सांगितलं, की जहूर त्या गलबतावर चढलाच नव्हता, त्याने उम्म अल कुवैनमध्ये दुसरा संसार थाटला. गावाने बुडालेल्यांची नावं बंदरावरच्या दगडावर कोरली. जहूरचं नाव कोरलं नाही. बाकीच्या बायकांना सगळ्यांनी आधार दिला आणि जहांआरांच्या आईला, हलिमाबींना, टोमणे. त्या धड बायको राहिल्या नाहीत, धड विधवाही झाल्या नाहीत. मासळी विकून त्यांनी मुलीला वाढवलं. आता त्या ऐंशीला टेकल्या होत्या आणि लेकीकडेच राहत होत्या. घरात जहूरचं नाव काढलेलं मात्र त्यांना अजूनही चालत नसे.

रुहान तिशीचा इंजिनियर. त्याला हे सगळं व्यर्थ वाटत होतं. तो हळूच म्हणाला, “अम्मी, लेट इट गो. इतक्या वर्षांनी काय मिळणार?”

नबिलाने संगणकात शोधलं. जहूर नावाचं काहीच निघालं नाही. मग तिने उस्तादांच्या रिळांची यादी उघडली. एका नोंदीपुढे एवढंच होतं: कोकणी सुतार, भाषा समजली नाही. तिने नक्कल लावली. आधी हातोडीचा ठोका आला, आणि मग एक तरुण आवाज मराठीत बोलू लागला.

“मी जहूर होडेकर, वेळशीचा. गलबताची सुतारकी करतो. घरी हलिमा आहे. तिचे दिवस भरत आलेत. मुलगी झाली तर जहांआरा नाव ठेवायचं, सांगून आलोय. उद्या भरती लागली की आम्ही निघतो.”

जहांआरांनी टेबलाची कड घट्ट धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्या वडिलांचा आवाज ऐकत होत्या, आणि त्या आवाजाने त्यांचंच नाव घेतलं होतं. रुहान जवळ सरकला. त्याने आईच्या पाठीवर हात ठेवला.

आवाज तिथेच संपला. पण मित्रांनो, मला ठाऊक होतं, की तो तिथे संपत नाही. त्या रिळावर पुढेही काही होतं. मध्ये बरीच फीत कोरी सोडून उस्तादांनी मला पुन्हा सुरू केलं होतं, आणि मीच ते टिपलं होतं. नक्कल करणाऱ्याने मध्ये लांबलचक शांतता लागल्यावर रीळ संपलं असं समजून काम थांबवलं होतं. मी काचेत बसून मनातल्या मनात ओरडत होतो. पण माझं बोलणं दुसऱ्याच्या हातात. कुणी बटण दाबल्याशिवाय मला तोंड फुटत नाही.

त्या दिवशी घरी जाऊन जहांआरांनी आईला सगळं सांगितलं. पुढे काय झालं, ते त्यांनी नंतर नबिलाला सांगितलं, तेव्हा मला कळलं. हलिमाबींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “निघतो म्हणाला. निघाला का?”

जहांआरांनी दगडावर वडिलांचं नाव घालायची विनंती केली, तेव्हा वेळशीच्या जमातीच्या, म्हणजे तिथल्या मुस्लिम समाजाच्या, अध्यक्षांनीही फोनवर तेच म्हटलं. जायचं बोलणं वेगळं आणि जाणं वेगळं, एवढ्यावर दगडावर नाव घालता येणार नाही.

जहांआरा पुन्हा ग्रंथालयात आल्या. त्यांनी नबिलाला विनंती केली, की नक्कल नको, मूळ रीळ एकदा बघू दे. नबिलाने उस्तादांच्या खोक्यातून रीळ काढलं आणि उजेडात धरलं. मग ती कपाळाला आठ्या घालून बघतच राहिली. नक्कल होती जेमतेम दहा मिनिटांची आणि रीळ तर चांगलं जाडजूड होतं.

तिने स्वतःच माझी काचेची पेटी उघडली. लहानपणी ती वडिलांच्या शेजारी बसून माझी साफसफाई बघत असे. दुबईच्या ड्रॅगन मार्ट बाजारातून तिने मापाचा रबरी पट्टा शोधून आणला. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने माझ्या अंगावरचं डांबर पुसलं, तेल घातलं. पहिल्यांदा चाक फिरलं तेव्हा मी कुरकुरलो. दुसऱ्यांदा सुरळीत फिरलं. तो आनंद मी कसा सांगू.

ठरलेल्या दिवशी रुहान हलिमाबींना चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन आला. डोक्यावरून पदर घेतलेल्या, ताठ बसलेल्या त्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं साक्षीदाराकडे पाहतात. नबिलाने बटण दाबलं.

हातोडी, जहूरचं बोलणं, आणि मग शांतता. फीत नुसती सरकत राहिली. रुहानने घड्याळाकडे पाहिलं. नबिलाचा हात बटणाकडे जाऊ लागला, तेव्हा जहांआरा म्हणाल्या, “नका थांबवू. संपेपर्यंत चालू दे.”

आणि तेवढ्यात फीत तुटली. इतकी जुनी फीत, मलाच अपराधी वाटलं. नबिलाने श्वास रोखून दोन्ही टोकं जुळवली, चिकटपट्टीने सांधली आणि मला पुन्हा सुरू केलं. क्षणभर खरखर झाली, आणि मग समुद्र आला. लाटांचा आवाज, पायांची धावपळ, आणि नांगराचा दोर ओढणाऱ्या माणसांचं गाणं. एकजण ओळ सांगत होता, बाकीचे ती उचलत होते.

“ओढ गड्या, ओढ गड्या, घराकडं तोंड!”

ओळ सांगणारा आवाज जहूरचा होता. त्यावर उस्तादांचा आवाज आला, अरबीत, अगदी माझ्या जवळून. इतक्या वर्षांनी वडिलांना ऐकून नबिलाचेही डोळे भरले. तिने हिंदीत उलगडून सांगितलं, “माझे वडील म्हणतायत, सकाळची भरती लागली. कोकणवाल्यांचं गलबत निघालं. गाणं कालचा तो सुतार म्हणतोय, गलबताच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकावर उभा राहून तो मला हात करतोय.”

गाणं लांब लांब जात राहिलं. शेवटी नुसत्या लाटा उरल्या.

हलिमाबींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “आवाज त्याचाच. चढला तो. घरी यायला निघाला होता.”

जहांआरा आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या. हलिमाबी रडल्या नाहीत. त्यांनी नातवाला गावी फोन लावायला सांगितलं. जहांआरांनी फोन घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. “आजपर्यंत मी खाली मान घालून ऐकून घेतलं. आता मीच बोलते.”

फोन त्यांनी माझ्या जाळीशी धरला आणि ते गाणं अध्यक्षांना पुरं ऐकवलं. मग फोन कानाला लावून म्हणाल्या, “माझ्या माणसाचं नाव घाला. आणि कोरताना मी तिथे हजर असेन.”

इंजिनियर नातवाने माझ्यासमोर मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, “थँक यू.” हे तो मला म्हणाला की आजीला, ते मला ठरवता आलं नाही. मी ते माझ्यासाठीच धरलं.

पुढच्या महिन्यात हलिमाबी खरंच रुहानबरोबर वेळशीला जाऊन आल्या. रुहान परत आल्यावर त्याने नबिलाला फोनमध्ये चित्रं दाखवली. बंदरावर सारा गाव लोटला होता. ज्या घरांतून एके काळी टोमणे आले, त्या घरांतल्या बायका हलिमाबींना धरून चालवत होत्या. दगडावर नवी अक्षरं पांढरीशुभ्र उठली होती: जहूर होडेकर, सुतार. आणि कर्ण्यावरून सगळ्या बंदराला त्याचं गाणं ऐकवलं गेलं. मी टिपलेलं!

आता मी काचेत नाही. नबिलाने मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलंय आणि उस्तादांची उरलेली रिळं ती एकेक करून, शेवटच्या इंचापर्यंत, माझ्याकडून ऐकून घेते. ज्यांच्या भाषा कळल्या नाहीत, अशी माणसं त्यांत अजून पुष्कळ आहेत. कुणाचं कोण, ते शोधायचंय. माझ्यापुढे भरपूर काम आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, नाहीतर नव्या फोनमध्ये कुणाचा तरी जुना आवाज पडून असेल. त्यावरची धूळ पुसा, तो पुसून टाकू नका. घरातली मोठी माणसं बोलत असतील, तर त्यांना बोलू द्या. मध्येच ती गप्प झाली, तर संपलं असं समजून उठू नका. थोडं थांबा. पुढचं कदाचित त्यानंतरच येणार असेल.